श्वास घेतंय

माझ्या पायाला भिंगरी लागलेली आहे, असं आई म्हणायची. आता बायको म्हणते. कारखान्यातले लोक तर माझ्या पाठीमागे मला 'एक्स्प्रेस' म्हणतात, आणि ते मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. मी मूळचा साताऱ्याचा. चढ दिसला की माझे पाय आपोआप जोरात पडतात. नोकरीसाठी चेन्नईला आलो तेव्हा माझी पहिली तक्रार उकाड्याची नव्हती, भाषेचीही नव्हती. या गावाला चढच नाही, ही होती. बायको म्हणाली, मग जिने चढा की. तेव्हापासून मी जिने चढतो. लिफ्टसमोर मान वर करून उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

अकरा वर्षं झाली त्याला. आम्ही मैलापूरला राहतो आणि मी रोज कंपनीच्या बसने गुम्मिडिपूंडीला जातो. तिथे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात भट्ट्यांचा विभाग माझ्याकडे आहे. लाल झालेले गिअर भट्टीतून बाहेर येतात, तेलात बुडतात, आणि ते नीट बुडाले की नाही हे बघायला मी दिवसभर या टोकापासून त्या टोकाला पळत असतो. मला केबिन आहे, केबिनमध्ये खुर्चीही आहे. त्या खुर्चीवर बहुतेक वेळ माझा जेवणाचा डबा बसलेला असतो.

गेल्या वर्षी मला अठ्ठावन्न पूर्ण व्हायची वेळ आली. आमच्याकडे अठ्ठावन्नला हार घालून घरी पाठवतात. पण साहेबांनी मला दोन वर्षांचं एक्स्टेन्शन द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, वैद्यकीय तपासणीत 'फिट' असं लिहून यायला हवं. मला हसू आलं. म्हटलं, साहेब, दुसरी एखादी कठीण अट घाला.

वरवर मी असा हसत होतो, पण खरं सांगायचं तर मला निवृत्तीची भीती वाटत होती. माझे वडील निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. त्यांना कसलाही आजार नव्हता. ते नुसते बसले आणि बसूनच राहिले. त्या खुर्चीच्या हातांवरचा रंग त्यांच्या कोपरांनी घासून गेला होता, तो मला अजून दिसतो. बायकोला हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कसले बसताय? तुम्ही घरात येरझारा घालून माझं डोकं उठवाल." हसत म्हणाली, पण काळजी तिलाही होतीच. एक्स्टेन्शन मिळावं म्हणून तिने देवळात तुपाचा दिवा लावला होता, आणि ते मला सांगितलं नव्हतं.

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहतात. पंच्याहत्तरी केव्हाच ओलांडलेले, एकेकाळी बँकेत कारकून, बायको गेल्यापासून एकटे. ते तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं इकडे आलं आणि येताना आणलेली मराठी इथल्या तमिळमध्ये लोणच्यासारखी मुरत गेली. त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं की वाटतं, हे आत्ता कीर्तनातून उठून आले. दुसऱ्या वाक्याला वाटतं, हे तमिळच बोलताहेत. कुणाशीही बोलताना तमिळ पद्धतीने मागे 'पा' लावतात. "काय पा, जेवलास कीं?" मी त्यांना मामा म्हणतो. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं, कारण ते मला कधी 'जरा हळू' म्हणत नाहीत.

सकाळी आम्ही दोघं जवळच्या उद्यानात फिरायला जातो. म्हणजे मी फिरतो आणि मामा येतात. वळणावर नागलिंगाचं झाड आहे, त्याखाली सिमेंटचा बाक. तिथवर आले की मामा बाकाच्या पाठीवर हात टेकतात आणि म्हणतात, "थांब पा, श्वास घेतंय." मग बसतात, डोळे मिटतात. मी समजायचो, यांचा प्राणायाम सुरू झाला. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी. आता दुसऱ्याचा प्राणायाम बघत उभं राहणं माझ्याच्याने होत नाही. मी तेवढ्यात एक जादा फेरी मारून यायचो. तोवर ते उठलेले असायचे, मग आम्ही पुढे निघायचो. कित्येक महिने आमचं हे असंच चाललं होतं.

तपासणी अण्णा नगरच्या एका इस्पितळात होती. रक्त, लघवी, डोळे, कान, सगळं देऊन झालं आणि शेवटी ट्रेडमिल राहिलं. एका माणसाने माझ्या छातीवरचे केस जागोजागी वस्तऱ्याने उडवले, चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि मला त्या सरकत्या पट्ट्यावर उभं केलं. समोरच्या पडद्यावर माझ्या हृदयाची रेघ वरखाली होत होती. डॉक्टरीणबाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. त्यांनी इंग्रजीत समजावून सांगितलं. पट्टा आधी सावकाश चालेल, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढेल आणि चढही वाढेल. तुमच्या वयाच्या माणसाचे ठोके जिथपर्यंत जायला हवेत तिथपर्यंत गेले की आपण थांबू. मी म्हटलं, चढ असेल तर मग काळजीच नको.

पहिला टप्पा मी शीळ घालत काढला. दुसऱ्यात पट्ट्यापेक्षा माझेच पाय पुढे जात होते. तिसऱ्यात पट्टा चांगलाच चढाला लागला, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरला. बाई मधूनमधून काही विचारत होत्या, मी मान हलवत होतो. मग त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "सार, मूच्चु वांगुदा?"

माझं तमिळ हे कारखान्याचं तमिळ आहे. चहा, शिफ्ट, तेल, गरम, लवकर, उद्या, आणि थोड्या शिव्या. अंगाचे, दुखण्याखुपण्याचे शब्द मला कधी लागलेच नाहीत. 'वांगु' मात्र पक्कं माहीत, कारण आमच्या स्टोअरमध्ये दिवसभर तेच चालतं. वांगु म्हणजे घेणं, विकत घेणं. कंपनीने एकदा योगाचा वर्ग ठेवला होता, तिथे 'मूच्चु' म्हणजे श्वास हेही कळलं होतं. दोन्ही जोडले. बाई विचारताहेत, श्वास घेताय ना? माणूस चढावर कधीकधी श्वास रोखून धरतो, म्हणून विचारत असतील. मी ऐटीत सांगितलं, "आमा, नल्ला वांगुदु." हो, छान घेतोय. बाई म्हणाल्या, "पोदुम." पुरे. आणि पट्टा हळूहळू थांबला.

मला वाटलं, वेळेच्या आधीच पास झालो. खाली उतरून मी त्यांना थँक्यू म्हटलं आणि मेट्रोचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो.

दोन दिवसांनी एचआरच्या मुलीचा फोन आला. आवाजात गोडवा होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. "सर, तुमची ट्रेडमिल टेस्ट अपुरी राहिलीय. धाप लागल्यामुळे मध्येच थांबवली, असं लिहून आलंय. ती पूर्ण होईपर्यंत एक्स्टेन्शनची फाईल थांबवायला सांगितलंय." मी विचारलं, धाप कुणाला लागली? ती म्हणाली, "तुम्हाला, सर." माझा पारा असा चढला की भट्टीजवळची दोन माणसं उगाचच बाजूला सरकली. तो पूर्ण दिवस मी काय काम केलं, मला आठवत नाही. बसमध्येही मी उभा राहून आलो, जागा असताना.

मामा दारातल्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. मी वर न जाता तिथेच उभा राहिलो आणि सगळं साग्रसंगीत सांगितलं, पट्ट्यासकट, घामासकट. बाईंनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं.

"तूं काय बोललास?" मामांनी पुन्हा विचारलं.

"नल्ला वांगुदु."

मामांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि हसायला लागले. हसू थांबेना, डोळ्यांत पाणी आलं. "अरे पा, मूच्चु वांगुदु म्हणजे धाप लागतें. त्यांनी विचारलं, धाप लागते कां? तूं बोललास, हो, चांगली लागते."

मीही हसलो. हसण्यावाचून काय करणार? बायको जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "या गावात पाणी विकत घेतात, आता श्वासपण का?" मग तिघंही हसलो. मला तर हायसं वाटलं. म्हणजे मला धाप लागलीच नव्हती, सगळा भाषेचा घोटाळा होता. आणि हसता हसताच माझ्या डोक्यात दुसरं काहीतरी खटकलं.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही रोज बाकाजवळ म्हणता, श्वास घेतंय. तो तुमचा प्राणायाम ना?"

"कसला प्राणायाम? धाप लागते पा. आमच्या घरीं असंच बोलतात. वडील बोलायचे, आजोबा बोलायचे. श्वास घेतंय."

"मग मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"रोज सांगतों कीं," मामा म्हणाले.

बायकोचं हसू थांबलं. मी पायरीवर त्यांच्या शेजारी टेकलो आणि लगेच उठलो. विचारलं, डॉक्टरला दाखवलंत? मामा म्हणाले, दरवर्षी दाखवतों. हृदय म्हातारं झालंय, आजारी नाहीं, असं डॉक्टर बोलले. पूर्वीं पाय उचलला कीं तेंही पळायचं. आतां हांक मारली कीं सावकाश येतं आणि आल्यावर लवकर परत जात नाहीं. धाप लागली कीं थांबायचं, उतरली कीं निघायचं. "त्यांत लाजायचं काय?" मामांनी विचारलं.

मला उद्देशून नव्हतं ते. तरी मला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एचआरला लांबलचक मेल लिहिली. तपासणी माझ्या प्रकृतीमुळे नव्हे, तर भाषेच्या गैरसमजामुळे थांबली, तरी ती पुन्हा घेण्यात यावी. उत्तर आलं, तीन आठवड्यांनी पुन्हा घेऊ. तोपर्यंत माझा किस्सा कारखानाभर झाला होता. कँटीनमध्ये लोक मुद्दाम सांगायला लावायचे. मी पाय आपटत चालून दाखवायचो, एक हात हवेत उंच करायचो आणि ऐटीत म्हणायचो, "आमा, नल्ला वांगुदु." तमिळ माणसं तर टेबलावर हात आपटून हसायची. साहेबांनीही ऐकला, तेही हसले, आणि मला वाटलं एक्स्टेन्शन आता खिशात आलं.

पण मनात काहीतरी टोचत राहिलं होतं. म्हणून मी तयारी सुरू केली. मैलापूरचं स्टेशन उंचावर आहे, रूळ घरांच्या डोक्यावरून जातात, आणि फलाटावर पोचायला खूप जिने चढावे लागतात. संध्याकाळी बसमधून उतरलो की मी तिथे जायचो. आमच्या मुलीने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ हातावर असायचं. ते ठोके मोजतं, पण आधी वय विचारतं. हा आगाऊपणा मला सुरुवातीपासून आवडला नव्हता.

साताऱ्याला किल्ल्याचा चढ चढायला लागलो की पहिल्याच वळणावर छाती धडधडायची. वर पोचून पाणी प्यायलो की एकदम शांत. इतकी शांत की वाटायचं, आपण चढलोच नाही. इथे उलटं व्हायला लागलं. पहिला जिना संपला तरी घड्याळावरचा आकडा जागचा हलायचा नाही. पाय पळत असायचे आणि हृदयाला अजून कळलेलंच नसायचं. मग मध्येच केव्हातरी ते दचकून जागं व्हायचं. पण तेही एका हद्दीपर्यंतच, पुढे मी कितीही जोर लावला तरी आकडा वर जायचा नाही. ट्रकच्या वेगाला कुलूप लावतात तसं कुणीतरी आतून लावून ठेवलं होतं. आणि वर पोचल्यावर ते थांबायचं नाही. गाडी यायची, माणसं उतरायची, चढायची, गाडी निघून जायची, तरी माझ्या छातीत आपलं चालूच. मी फलाटावरच्या खांबाला टेकून उभा राहायचो आणि कुणी बघितलं तर गाडीची वाट बघतोय असं दाखवायचो.

एका संध्याकाळी त्या खांबाशी माझ्या ध्यानात आलं, की मला धाप लागली आहे. मराठीत, तमिळमध्ये, कुठल्याही भाषेत. मी कुणालाही ते सांगितलं नाही.

उलट मी उत्तर तयार करायला घेतलं. बाई पुन्हा तोच प्रश्न विचारणार होत्या. त्याचं बरोबर उत्तर होतं 'इल्लै'. नाही. दोन अक्षरं, तीही सोपी. दाढी करताना म्हणायचो, बुटाची नाडी बांधताना म्हणायचो. इल्लै, डॉक्टर. इल्लै. चेहरा हसरा ठेवून म्हणायचो. एका सकाळी बायकोने न्हाणीघराच्या दाराबाहेरून ऐकलं.

"कुणाशी बोलताय?"

"तमिळ सुधारतोय."

"खोटं बोलायची तालीम करताय," ती म्हणाली. दार उघडून मी बाहेर आलो तर ती तिथेच उभी होती. "जिन्याच्या शेवटच्या वळणावर तुम्ही थांबता हल्ली. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. पावलं थांबतात, मग थोड्या वेळाने परत सुरू होतात. नोकरी गेली तर तुम्ही चिडचिड कराल, मला छळाल, ते मी बघून घेईन. पण तुम्हाला काही झालं तर मी काय करायचं, ते सांगा आधी."

मी म्हटलं, काही होत नाही मला. आणि नाश्ता न करताच बससाठी निघालो. वाटेत उगीचच एका रिक्षावाल्याशी भांडलो. माझा दिवसभर तोंडाचा पट्टा चालू होता आणि आत कुठेतरी तिचं ते वाक्य चालू होतं.

दुसऱ्या तपासणीला ती माझ्याबरोबर आली. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. आत पुन्हा तोच वस्तरा, त्याच वायरी, तीच डॉक्टरीणबाई. माझी मेल त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्या म्हणाल्या, "या वेळी घोटाळा नको. मूच्चु वांगुदु म्हणजे काय, कळलंय ना?" मी म्हटलं, पक्कं कळलंय.

पट्टा सुरू झाला. या वेळी मी शीळ घातली नाही, श्वास वाचवून ठेवत होतो. पहिला टप्पा गेला. दुसऱ्यात मी पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तिसऱ्यात चढ आला. डोळ्यांपुढे तो कागद होता, त्यावर 'फिट' हा एक शब्द, आणि त्याच्या मागे गॅलरीतली ती खुर्ची. मागच्या वेळी थांबवलं त्याच्यापुढे मला जायचं होतं, नुसतं थोडं पुढे. मांड्या भरून आल्या होत्या. आणि प्रश्न आला.

"मूच्चु वांगुदा, सार?"

उत्तर तीन आठवडे तयार होतं. मी चेहरा हसरा केला, तोंड उघडलं आणि 'इ' एवढंच बाहेर आलं. पुढचं येईना. मी पुन्हा जोर लावला. तोंड उघडत होतं, मिटत होतं, शब्द निघत नव्हता. नाही म्हणायलासुद्धा श्वास लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. शेवटी मी मान हलवली. हो. वांगुदु.

पट्टा थांबला. त्यांनी मला खाटेवर आडवं केलं. छातीतलं घोडं थांबायला तयार नव्हतं. बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या, मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "मागच्या वेळीही मी तुमच्या उत्तरामुळे थांबवलं नव्हतं. तुम्ही मेलमध्ये लिहिलंय, तुम्ही म्हणालात, आमा, नल्ला वांगुदु."

"म्हणालो होतो," मी म्हटलं. आता मला बोलता येत होतं.

"नाही. तुम्ही 'आ' म्हणालात. नंतर तोंड उघडं ठेवून नुसते चालत राहिलात, दोन्ही हातांनी दांडी धरून. बाकीचं वाक्य तुम्ही मनात म्हणाला असाल."

कँटीनमध्ये तो हात मी किती वेळा हवेत उंच केला होता. तो हात त्या दिवशी दांडीला होता.

"आणि थँक्यू?" मी विचारलं.

"ते म्हणालात. पण आधी बराच वेळ खुर्चीवर बसला होतात."

त्या खुर्चीची मला काही म्हणजे काही आठवण नाही. अजूनही नाही. माझंच डोकं, माझीच छाती, आणि दोघांनी मिळून मला फसवलं होतं. मला बाईंचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मला त्या खाटेवर पडल्या पडल्या रडू यायला लागलं आणि मी ते घामात पुसून टाकलं. बाई दुसरीकडे बघत होत्या.

मग त्यांनी समजावलं. रेघेत बिघाड नव्हता. रक्त सगळीकडे नीट पोचत होतं. वय वाढतं तसं हृदय पूर्वीइतकं भरभर धावू शकत नाही, सगळ्यांचंच. कितीही व्यायाम केला तरी ती वरची हद्द खाली येतच राहते. भिंती जरा ताठ होतात, भरायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात हळू करायची, त्याला तयार व्हायला वेळ द्यायचा, आणि थांबल्यावर उतरायलाही द्यायचा. चालणं सोडायचं तर अजिबात नाही. "तुमचं हृदय आजारी नाही, सार. ते तुमच्या वयाचं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तुमच्या वयाचे नाही."

मी विचारलं, कागदावर काय लिहिणार? त्या म्हणाल्या, फिट लिहीन. पण भट्टीजवळ उभं राहणं नको, गरमीत पळापळ नको, हेही लिहीन. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर आलो तर बायको उठून उभी राहिली. मी म्हटलं, धाप लागते मला. ती म्हणाली, "माहीत आहे." आणि माझ्या शर्टाचं चुकीच्या काजात लागलेलं बटण तिने तिथेच काढून नीट लावलं.

एक्स्टेन्शन मिळालं, दोन वर्षांचंच. पण भट्ट्या दुसऱ्याकडे गेल्या. मला नव्या माणसांना शिकवायला वर्गावर घातलं आहे. एसीची खोली, फळा, आणि एक खुर्ची. मी बायकोपुढे कुरकुर केली, की हे बसून करायचं काम आहे. ती म्हणाली, मग उभं राहून शिकवा. मी उभा राहूनच शिकवतो. तरी दिवसातून चार वेळा काहीतरी निमित्त काढून भट्टीच्या दारापर्यंत जातो आणि आत न जाता परत येतो. चैन पडत नाही, त्याला मी काय करू?

डॉक्टरीणबाईंचा कागद मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे उद्यानात गेलो. मामा मागे राहिले होते. सवयीने मी पुढे निघालो होतो, आणि वळण यायच्या थोडं आधी छातीत ते सुरू झालं. एरवी मी तसाच पुढे गेलो असतो, मान ताठ ठेवून. त्या दिवशी बाकाच्या पाठीवर हात टेकला. नागलिंगाची फुलं खाली पडून कुजली होती, त्यांचा गोड वास येत होता. मामा आपल्या चालीने आले, माझ्याकडे बघितलं.

"काय पा?"

"थांबा मामा," मी म्हटलं, "श्वास घेतंय."

मामा हसले नाहीत. बाकावरच्या पाकळ्या त्यांनी हाताने झटकल्या, स्वतः बसले आणि शेजारची जागा थोपटली. "मग बैस. घेऊं दे त्याला."

माझे पाय जमिनीवर हलत होते. पण मी बसलो.